जहागीरदाराचं गंध

आमच्या बोक्याचं नाव जहागीरदार. काम शून्य, तोरा मोठा, आणि उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यात गार फरशीवर पहिला हक्क त्याचा. दुसरं नाव त्याला शोभलंच नसतं. युद्धाचे दिवस होते. संगमनेरात माणसं रेशनच्या साखरेसाठी रांगेत उभी राहत, आणि आमच्या घरात मात्र दोघांना साखर वर्ज्य होती. एक माझा थोरला भाऊ मार्तंडदादा आणि दुसरा हा बोका.

दादा हायस्कुलात संस्कृत शिकवायचा. त्याला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती आणि रोज सकाळी त्याला इन्शुलिन टोचायचं काम दमयंतीवहिनीचं. बोक्याचं दुखणंही तिनेच पकडलं. तो रोडावत चालला, पाण्याच्या भांड्यापासून हलेना, आणि परसात जिथे तो माती उकरायचा तिथे मुंग्यांची रांग लागू लागली. दादाचं दुखणंही मोरीतल्या मुंग्यांनीच सांगितलं होतं, तेव्हा वहिनीला वेगळी शंका घ्यायचं कारण नव्हतं. तिने बोका टोपलीत घातला आणि गुरांच्या दवाखान्यात नेला.

तिथले डॉक्टर शामकांत आधी हसले. मग त्यांनी बोक्याची लघवी निळ्या औषधात उकळून पाहिली. ती कशी मिळवली ते कृपा करून विचारू नका, माझ्या हातावर अजून ओरखडे आहेत. नळीतलं औषध विटेसारखं लाल झालं तेव्हा डॉक्टरांचं हसू थांबलं. मांजराला इन्शुलिन दिल्याचं त्यांनी फक्त वाचलं होतं, पण करून बघू म्हणाले. रोज सकाळी खाणं झालं की दोन युनिट, वर एक थेंब नाही. आणि बोका झिंगल्यासारखा चालायला लागला तर वेळ न घालवता गुळाचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं, नाहीतर तो हातचा जाईल, असं त्यांनी दोनदा बजावलं.

इन्शुलिन पुण्याहून यायचं आणि युद्धामुळे तेही मुश्किलीनेच मिळायचं. दादाने आपल्याच बाटलीत बोक्याला वाटेकरी करून घेतलं, कुणी न सांगता. त्या दिवशी मला भावाचं मनापासून कौतुक वाटलं. एरवी कौतुक करावं असं तो फारसं काही करत नाही.

बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात राहायची. ज्याला आधी सवड मिळेल त्याने बोक्याला टोचायचं असं ठरलं. दिलं की नाही याचा घोळ नको म्हणून वहिनीने युक्ती काढली. टोचून झालं की बोक्याच्या पांढऱ्या कपाळावर टिळा लावायचा. दादाने टोचलं तर पूजेतलं गंध, तिने टोचलं तर कुंकू. असा टिळा लावून जहागीरदार गल्लीत निघाला की समोरच्या म्हाताऱ्या त्याला चक्क हात जोडायच्या, आणि तोही ते आपलंच आहे अशा थाटात घ्यायचा.

मग कोपरगावला एक लग्न झालं आणि दादा तिथे एकटाच जाऊन आला. बासुंदीला शिवलो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याची तपासणी केली, नळी खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली, आणि त्या क्षणापासून अबोला धरला. घरातला गूळ, रेशनची साखर, मध, सगळं तिने मागच्या भीमाबाईंना देऊन टाकलं. दादाचं इन्शुलिन टोचायचंही सोडून ते त्याच्यावरच टाकलं. शंका नको म्हणून कपाटं आणि ट्रंका धुंडाळल्या. राहिली फक्त दादाची पगडीची पेटी. लग्नकार्याशिवाय तिला कुणी हात लावत नसे. वाळवी लागू नये म्हणून दादा ती पाण्याच्या ताटलीत ठेवायचा.

दोघांचे निरोप मी इकडून तिकडे न्यावेत अशी दोघांचीही अपेक्षा होती. मी काही टपालखातं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तेव्हा ते काम जहागीरदारावर पडलं. पान वाढलंय म्हणावं, असं वहिनी बोक्याला सांगायची. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, असं दादा त्याच्यामार्फत परत कळवायचा. बोका दोघांकडे बघून जांभई द्यायचा. मलाही तेच करावंसं वाटायचं.

आठवडी बाजाराच्या दिवशी हे सगळं अंगाशी आलं. शाळा सकाळची होती. दादाने उठून पूजा उरकली, बोक्याला दूध पाजलं, टोचलं, गंध लावलं आणि निघून गेला. मागोमाग भीमाबाईंनी कुंपणापलीकडे त्याला माशाचं डोकं टाकलं. आमच्या घरात मासा येणं शक्य नव्हतं, पण कुंपणापलीकडे बोका काय करतो ते आम्ही बघत नसू. मासा खाल्ल्यावर कुठलंही मांजर जे करतं ते त्याने केलं. पंजा ओला करून कानामागून कपाळावर फिरवला आणि तोंड लख्ख धुतलं. मग भीमाबाई कुलूप लावून बाजाराला गेल्या. मासा आणि तोंड धुणं मला नंतर त्यांच्याकडून कळलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तिला फक्त कोरं कपाळ दिसलं. तिने दोन युनिट टोचलं आणि कुंकू लावलं.

शाळा सुटल्यावर दादा घरी आला आणि दारातच थबकला. आपलं गंध पुसून हिने मुद्दाम कुंकू लावलं, अशी त्याची समजूत झाली. त्याने बोक्यालाच विचारलं, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असा.

"जहागीरदार, सकाळी मी लावलेलं गंध कुणी पुसलं, ते विचारा त्यांना."

आतला लाटण्याचा आवाज थांबला. वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिने सरळ दादाकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही दिलं होतंत?"

"हो. का?"

"मीही दिलं."

बोका उठायला गेला आणि त्याचे मागचे पाय बसले. पुन्हा उठला, भिंतीकडे चालत गेला आणि भिंतीला डोकं टेकून तसाच उभा राहिला. वहिनी गुळाच्या डब्याकडे धावली, पण त्यात तिने खडेमीठ भरून ठेवलं होतं. मी भीमाबाईंकडे धावले तर दाराला कुलूप. परत आले तेव्हा वहिनी बोक्याला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती आणि आपल्या रागापायी या मुक्या जिवाला मारलं, असं म्हणत रडत होती. मी शेजारी पळायला पुन्हा चपला शोधू लागले.

दादा क्षणभर वहिनीकडे बघत राहिला. मग कपाटापाशी गेला, पेटी उतरवली आणि पगडी बाहेर काढली. पगडीच्या पोटात फडक्यात बांधलेला गुळाचा खडा होता, एका बाजूने दातांनी कोरलेला. ताटलीतलं पाणी वाळवीसाठी नव्हतं, मुंग्यांसाठी होतं.

वहिनीने गूळ पाण्यात कुस्करला. दादाने बोक्याचं तोंड उघडलं, तिने बोटाने चोळलं, पुन्हा चोळलं. बराच वेळ काहीच होईना. आम्ही तिघं त्या फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो. मग त्याची जीभ हलली. मग त्याने बोट चाटलं, आणि शेवटी वहिनीच्या बोटाला कडकडून चावला. बोटातून रक्त आलं तशी वहिनी हसायला लागली, आणि दादाने उपरण्याने डोळे पुसले. बोका पुरता शुद्धीवर आल्यावर त्याला दूध पाजलं.

नंतर वहिनीने उरलेला खडा उचलला आणि दातांच्या खुणा निरखल्या.

"आणखी कुठे ठेवलंय?"

"कुठे नाही."

"याच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

दादाने हात उचलला, बोक्याच्या डोक्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. मग उठला, खुंटीवरच्या छत्रीची घडी सोडली आणि आतून कागदात बांधलेले पेढे काढून तिच्यासमोर ठेवले. एवढ्या सगळ्यानंतर हसू नये हे मला कळत होतं, पण मी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आपली सुई उकळत बसला होता. वहिनी आली, त्याच्या हातून सुई घेतली आणि स्वतः टोचली. मग करंडा उघडून त्याच्या कपाळावर, गंधाच्या खाली, ठसठशीत कुंकू लावलं. पोरं हसतील, दादा पुटपुटला.

"हसू देत. तोंड धुऊ नका म्हणजे झालं."

तो तसाच शाळेत गेला. दुपारी परत आला तेव्हा घामाने गंध पार उतरलं होतं, पण कुंकू त्याने जपून आणलं होतं.