बाटलीतला लान्याव

मी बेडूक बोलतोय. मेलेला आहे, पण तेवढ्यासाठी उठून जाऊ नका. आणि विहिरीतला तर मुळीच समजू नका. आमच्या सात पिढ्यांत कुणी विहीर पाहिली नाही, की ‘डराव’ म्हटलं नाही. आम्ही बोर्निओच्या डोंगरातले, धबधब्याकाठच्या झाडांवर राहणारे. पाऊस थांबून पानं ठिबकायला लागली की आम्ही हाक देतो. वाळक्या बांबूवर कुणी नखाने दोनदा टकटक करावं, तसा आमचा आवाज. हाक द्यायची आणि मादीची ओ येते का याची वाट पाहायची, यातच आम्हा नरांचा जन्म सरतो.

त्या संध्याकाळी मी जीव खाऊन हाका देत होतो. ओ काही आली नाही. आला तो एक हात.

हात लुन्साचा होता. शहरातल्या संग्रहालयात ती बेडकांचा अभ्यास करते. नदीच्या वरच्या अंगाला एकाच लांबलचक छपराखाली बावीस कुटुंबं राहतात, तिथे तिच्या आईचं माहेर. रान दाखवायला तिचे आजोबा सोबत होते, लान्याव नावाचे. तिकडे आजोबांना अकी म्हणतात.

“अकी, हा आजवर कुणीच पाहिलेला नाही!” लुन्सा कुजबुजली.

“कुणीच म्हणजे? साठ वर्षं ऐकतोय मी याला. तुझी आजी होती तेव्हा याच्यावाचून तिचा डोळा लागायचा नाही.”

“तसं नाही हो. पुस्तकात नाही हा.”

“मग असं म्हण ना, की तुमच्या पुस्तकाने पाहिला नाही!”

ओल्या पानांच्या पिशवीतून मला घरी नेलं. सकाळी उजेडात फोटो काढले, कारण मेल्यावर आमचा रंग उडतो. मग पोटावर कायमची गुंगी आणणाऱ्या औषधाचं थंडगार बोट फिरलं. “माफ कर रे,” असं लुन्सा म्हणाल्याचं आठवतं. ती सगळ्यांनाच तसं म्हणते, हे मला पुढे संग्रहालयाच्या फडताळातून ऐकून कळलं. बोटं फाकवून मला थाळीत निजवलं, पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि शेवटी स्पिरिटच्या बाटलीत सोडलं.

त्यानंतर दोन वर्षं मला नुसतं मोजत होते. नाकापासून बुडापर्यंत एकतीस मिलिमीटर. बोटांमधला पडदा केवढा, डोळा केवढा. माझ्यासारख्या दिसणाऱ्या सतरा मेलेल्यांशेजारी ठेवून मला पारखलं. एकदा लुन्साने यंत्र सुरू केलं आणि त्यातून माझीच हाक आली. जिवंतपणी भरून घेतलेली. मी धडपडलो, पण गळ्यातून काही निघेना. माझा आवाज बाहेर हिंडत होता आणि मी आत होतो. तेव्हा मला पहिल्यांदा माझी भीती वाटली.

नवी जात जगाला सांगायची तर तिला नाव लागतं, आणि ते नाव एका मेलेल्या देहाशी बांधलेलं असावं लागतं. पुढे कुणाला शंका आली तर त्याने येऊन तो देह पाहायचा. आमच्या जातीचा तो देह म्हणजे मी.

इथे लुन्सा चुकली. तिच्या लोकांत नव्या जिवाला आजोबांचं नाव देतात, एवढं तिला ठाऊक होतं. पण ती शहरात वाढलेली, रीत तिच्यापर्यंत अर्धीच पोचली होती. उरलेली अर्धी अशी, की आजोबा आधी वारलेले असावे लागतात. जित्या माणसाचं नाव दुसऱ्याला दिलं तर मरणाच्या वेळी होडी घेऊन न्यायला येणाऱ्या पितरांचा गोंधळ होतो. लुन्साने मोठ्या मायेने माझं नाव ठेवलं लान्याव. लॅटिनची शेपटी लावून छापलंही.

छापलेला कागद घेऊन ती सुगीच्या सणाला गावी गेली. तिथे काय झालं ते मी शहरातल्या फडताळात बसून ऐकलं. ते नाव लागल्यापासून मला तिकडचं ऐकू यायला लागलं होतं.

“हे काय, मेलेल्याच्या पायाला माझं नाव?” अकी म्हणाले.

“मान आहे अकी हा! जगभर तुमचं नाव झालं.”

“कसला मान, पोरी!” शेजारची म्हातारी ओरडली. “आजोबाला बाटलीत भरून आलीस की तू!”

भातापासून केलेली दारू हातात तशीच राहिली. कुणी प्यालं नाही.

आठ दिवसांत अकींना ताप चढला. उतरेचना. तेव्हा जाणत्यांनी जुना उपाय काढला. आजाऱ्याचं नाव बदलायचं, आणि असं ठेवायचं की हाक मारताना मरणालाही कसंसं व्हावं.

“चिखल्या म्हणा,” एकजण म्हणाला.

“नाकाकडे बघून भोपळ्या शोभेल,” दुसरा म्हणाला.

अंथरुणातून अकी हसले. चिखल्या ठरलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला. आता लान्याव नावाचा मी एकटाच उरलो.

त्याच आठवड्यात शहरात पाऊस पडला, आणि संध्याकाळी माझ्या फडताळाशी कुणीतरी हाक मारली.

“लान्याव! होडी बांधून ठेवलीय. ये की आता.”

बाईचा आवाज होता. अकींची बायको, बारा वर्षांपूर्वी गेलेली. जन्मभर मी हाका दिल्या, पण मला अशी हाक कुणी मारली नव्हती. मी ओ दिली. टक टक. गळा नाही, वारा नाही, तरी आवाज निघाला. नदीच्या पाण्याचा वास आला. काचेला कुणीतरी कपाळ टेकलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

“तू नव्हेस,” ती म्हणाली आणि गेली.

दर पावसात ती यायची आणि मी ओ द्यायचो. लबाडी होती, कळत होतं मला. पण सवय वाईट. पहारेकऱ्याने ती टकटक दोनदा ऐकली आणि दुसरीकडे बदली मागून घेतली.

अशी नऊ वर्षं गेली. गेल्या महिन्यात अकी स्वतःच आले, लुन्साचा दंड धरून. एक्क्याण्णव वर्षांचे. बरोबरीचे सगळे गेले होते, पाठचा भाऊ गेला होता, धाकटा मुलगाही गेला होता.

“अकी, छापलेलं नाव नाही हो बदलता येत,” लुन्सा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मी चुकले. पण आता कुणालाच नाही येत.”

“तुला कोण विचारतंय? मी याच्याशी बोलायला आलोय.”

त्यांनी तोंड काचेजवळ आणलं.

“बाबा रे, चिखल्या मेला असं मी घरात सांगून टाकलंय. मी पुन्हा लान्याव झालोय. पण ती येते ती तुझ्याकडेच. दर पावसात मी घाटाच्या पायरीवर बसतो, आणि ती खालून होडीतून तशीच पुढे निघून जाते. नाव ठेव तुला. फक्त एकदा गप्प बस.”

तीन दिवसांनी पाऊस आला. हाक आली. मी ओ आतच दाबून धरली. तिने पुन्हा हाक मारली, मग अगदी काचेशी येऊन मारली. इतक्या मायेने मला कुणी बोलावलं नव्हतं आणि पुढे बोलावणार नव्हतं. मला रडू येत होतं, पण बेडकाच्या रडण्याचाही आवाज होतो, म्हणून तेही केलं नाही. हळूहळू नदीचा वास दूर गेला.

मग तिकडे, घाटाच्या पायरीवर, म्हाताऱ्या गळ्याने कुणीतरी ओ दिली.

लुन्सा दहा दिवस आली नाही. आली ती सुतकाचे काळे कपडे घालून. माझ्या काचेवरची धूळ पुसली. आता मला गावाकडचं काही ऐकू येत नाही. पाऊस पडतो, संध्याकाळ होते, फडताळाशी कुणी येत नाही.

तुम्ही कधी या शहरात आलात तर माझ्यापर्यंत या. पायाच्या चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचा. भिऊ नका, आता त्यात कुणाचा जीव अडकलेला नाही. मी ओ देईन.