मी शेठना वाकवलं

मित्रांनो, आधीच सांगतो, मी डूख धरणारा आहे. दिसायला मी साधा लोखंडी नळीचा, तीन पायांचा, माइक धरून उभा राहणारा जुना स्टँड. पण एका बाईचा अपमान मी पाच महिने मनात ठेवला आणि पुरेपूर वसूल केला. त्याचा मला अजिबात पस्तावा नाही.

बोईसरच्या एका छोट्या वर्कशॉपात माझा जन्म झाला. दिग्विजयशेठनी मला नवंकोरं विकत घेतलं. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, शिवाय गावचे उपसरपंचही तेच. गावाचं नाव सांगत नाही, बोईसरजवळच्या पाम गावाहून फार लांब नाही एवढंच. माझं वैर माणसाशी होतं, गावाशी नाही. सुरुवातीला माझे काय लाड! हळदी, पूजा, क्रिकेटचे सामने, सगळीकडे मीच पुढे.

पुढे सामान वाढलं. गावचं आरोग्य उपकेंद्र बंद असायचं आणि त्याची किल्ली शेठकडे. त्यांनी तिथेच गोदाम थाटलं. सतरंज्या, खुर्च्या, टोप आणि कोपऱ्यात मी. माझ्या शेजारी बाळंतपणाचं सरकारी लोखंडी टेबल होतं, एकदाही न वापरलेलं. शेठच्या माणसांनी गोदामातल्या प्रत्येक वस्तूवर लाल रंगाने 'दिग्विजय मंडप' लिहिलं, तसं त्याच्याही पायावर लिहून टाकलं.

कुलपामुळे गावची आशा सेविका रखमा बाहेरच्या ओट्यावरच बाळांची वजनं करायची. तिची सून किंजल. गेल्या वर्षी कळा सुरू झाल्यावर तिला रिक्षाने बोईसरला नेत होते. बाळ वाटेतच आलं आणि वाटेतच गेलं. आता किंजलला पुन्हा दिवस गेले होते. म्हणून पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, उपकेंद्र उघडा आणि बाळंतपणाचं टेबल लावा, हे सांगायला रखमा उठली.

ती जेमतेम साडेचार फूट आणि मी शेठच्या उंचीला आवळलेला. टाचा उंचावून ती बोलली, पण कुणाला काही ऐकूच गेलं नाही. शेठ हसले, "रखमाताई, पाट आनू का उभं राहायला?" सगळी सभा खो खो हसली. "आनि टेबल-बिबल सरकारकडून काय आलेलंच नाय. आल्यावर बघू." असं म्हणून त्यांनी मला असा हिसका दिला की माझ्या स्क्रूचे आटेच गेले. रखमा मान खाली घालून बसली. मी मनात म्हटलं, थांब लेका, तुला दाखवतो.

डिसेंबरात गावातल्या मितेशची हळद होती. मंडप अर्थात शेठचा. गोदामातून टोपांबरोबर ते टेबलही गेलं आणि त्यावर भाताचा टोप चढला. टेबलाला पाय टेकवायच्या दोन लोखंडी वाट्या होत्या. वाढप्यांनी त्यांत डाव ठेवले. रखमा पंगतीत होती. टेबल पाहून तिचा घास हातातच राहिला.

पुढच्या बुधवारी पालघरहून मेघाली सिस्टर लस द्यायला आल्या. "भर सभेत चोर म्हननार हाय मी त्याला!" रखमा दात-ओठ खात होती.

"नको, रखमाताई. चोर म्हटलंत की सभेत दोन तट पडतील. तुम्ही फक्त विचारा. ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे तेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. गप्प राहणंच सगळ्यात कठीण."

मग दर बुधवारी रखमा ओट्यावर सराव करायची आणि मी खिडकीआडून ऐकायचो. तिला गप्प राहणं जमेचना! सिस्टर बोटांवर पाचपर्यंत मोजायला लावायच्या.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत शेठ भाषणाला उभे राहिले आणि मी सर्रकन खाली घसरलो. त्यांनी तीनदा वर ओढलं, मी तीनदा घसरलो. शेवटी वैतागून त्यांनी आटोपतं घेतलं. रखमा आली तेव्हा माइक नेमका तिच्या तोंडाशी होता.

"मितेशच्या हळदीला कोन कोन जेवलं? हात वर करा."

सगळे हात वर. शेठचासुद्धा.

"भाताचा टोप कशावर होता?"

"लोखंडी टेबलावर!" मागून आवाज आला.

"त्याच्या दोन वाट्यांत डाव ठेवले होते. त्या वाट्या कशाच्या, म्हाईत हाय?"

आणि ती थांबली. तिची बोटं पदराआड मोजत होती. चार झाली असतील, तोच म्हातारी रत्नाबाई ओरडली, "अगं बाय! त्या तं बालंतिनीचे पाय ठेवायच्या!"

कुणीतरी तोंडावर हात धरून बाहेर पळालं.

"टेबल आलंच नाय म्हनतात शेठ," रखमा शांतपणे म्हणाली. "मग आमी भात कशावरचा खाल्ला?"

शेठ माइकपाशी आले. मला वर ओढलं, मी खाली. शेवटी तो सहाफुटी माणूस कमरेत वाकला आणि पुटपुटला, "तीन दिवसांत खोली मोकली करतो."

"ऐकू नाय आलं," रखमा म्हणाली. "पाट आनू का, शेठ? बसून बोला."

अहाहा! मित्रांनो, माझे आटे गेले होते हे खरं. पण मी मुद्दाम घसरलो का, ते मला विचारू नका.

खोली रिकामी झाली, उपकेंद्र सुरू झालं आणि मी भंगारात गेलो. रखमाने मला उचलून आणलं, माझा स्क्रू बदलला. आता माझ्यावर सलाइनची बाटली टांगतात. होळीच्या आठवड्यात किंजलला त्याच टेबलावर मुलगी झाली, चांगली तीन किलोची.

मित्रांनो, सभेत कुणी बुटकं माणूस बोलायला उठलं तर हसू नका. पुढे होऊन स्टँड खाली करा. आम्हा जुन्या स्टँडना अधूनमधून तेलही द्या. नाहीतर आम्ही लक्षात ठेवतो.

परवा सिस्टर टेबलाच्या पायावरची 'दिग्विजय मंडप' ही लाल अक्षरं खरवडायला बसल्या. रखमाने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, सिस्टर. येनारी प्रत्येक बाई वाचू दे."