नवऱ्याच्या पायावरचे तीन पट्टे

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. तापट नसते तर सासूबाईंसमोर "चालेल, खोली तुमची!" असं बोलून बसलेच नसते.

खोली म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. रस्त्याकडे दार, दोन खुर्च्या, चार आरसे, एक पडदा आणि पडद्यामागे वॅक्सिंगचं बाकडं. अकरा वर्षं तिथे माझं पार्लर आहे, आणि अकरा वर्षं सासूबाईंना ती खोली परत हवी आहे. का, तर म्हणे हवा छान येते. आतल्या दारात उभ्या राहायच्या, हनुवटीवर हात ठेवून न्यायाधीशासारखं बघायच्या आणि म्हणायच्या, "लोकांचे केस उपटायला एवढी जागा लागते होय गं?"

तर झालं असं. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे मागच्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शब्दावर शाळेतल्या झाडून सगळ्या शिक्षिका माझ्याकडे येतात. गेल्या खेपेला डब्यातल्या तयार वॅक्सने त्यांच्या हातांवर लालभडक पुरळ उठलं, आणि बाई बक्षीस समारंभाला भर उकाड्यात मनगटापर्यंतच्या बाह्या घालून बसल्या. परवा फोन आला. "शनिवारी चारला येते. या वेळी काहीतरी नैसर्गिक ठेवा. नाहीतर कोपऱ्यावर नवीन दुकान झालंय, मी आपली तिकडे जाईन. बाकीच्या येतीलच माझ्या मागोमाग."

सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण ते फक्त काम सांगितल्यावर. हा फोन त्यांना स्वयंपाकघरात बसून शब्द न् शब्द ऐकू आला.

"शनिवारी ती बाई नाराज होऊन गेली, तर खोली माझी," त्या म्हणाल्या.

"चालेल! खोली तुमची!" मी म्हणाले, आणि मग जीभ चावली. पण आता चावून काय उपयोग?

हाताशी चार दिवस होते. नैसर्गिक वॅक्समध्ये मधाचं, मेणाचं आणि साखरेचं अशा तीन तऱ्हा मला ऐकून ठाऊक होत्या. पण मी आजवर डबा उघडून लावणारी बाई, हाताने कधी काही शिजवलं नव्हतं. करून बघितल्याशिवाय कळणार कसं? आणि करून बघायचं कुणावर? सुदैवाने घरात एक अस्वल होतं.

आमचे हे मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. स्वभावाने गरीब गाय, पण पोटऱ्या अशा की कंगवा घ्यावा.

"दुखेल का गं?" त्यांनी विचारलं.

"छे! कळणारसुद्धा नाही," मी म्हणाले आणि त्यांच्या उजव्या पोटरीवर पेनाने एक, दोन, तीन असे आकडे लिहिले. आकडे दिसले की हे निमूट बसतात.

एक नंबर मधाचा. वास असा की बोट चाटावंसं वाटलं. पट्टा लावला तेवढ्यात फोन वाजला. एका नवरीची आई होती, ती काही आवरतं घेईना. हे आपले पाय पसरून पेपर तपासत बसले. मी परत येते तो दाराच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग खुर्चीवरून चढून यांच्या एक नंबरवर पोचलेली!

"अहो! तुम्हाला कळलं नाही?"

"गुदगुल्या होत होत्या," हे म्हणाले. "मला वाटलं, नैसर्गिक म्हणतात ते हेच असेल."

आता या माणसाला काय बोलणार! मध बाद.

दोन नंबर मेणाचा. मधमाश्यांचं मेण आणि राळ एकत्र वितळवायचं, लावायचं, गार होऊन कडक झालं की कडेला धरून ओढायचं. मी सढळ हाताने थापलं. गार झालं, कडक झालं, मी कड धरली आणि ओढलं. मेण हललं नाही, नवरा हलला. तोही खुर्चीसकट. बघते तर मेण ओघळून पोटरी आणि खुर्चीचा पाय एकजीव झालेला. पुन्हा हिसका दिला, तेव्हा यांनी अशी बोंब ठोकली की समोरचा शिंपी कात्री घेऊन धावत आला.

"म्हणजे आता मला सहा पाय," हे डोळे पुसत म्हणाले. "चार खुर्चीचे, दोन माझे."

कोमट तेल चोळून चोळून तासाभराने त्यांना सोडवलं. केस जिथल्या तिथे होते. मेणही बाद.

राहिली साखर. साखर, लिंबाचा रस आणि पाणी, एवढंच तर आटवायचं, म्हटलं यात काय मोठं. पहिल्या दिवशी पातळ झालं, ते पोटरीवरून ओघळून थेट यांच्या मोज्यात गेलं. दुसऱ्या दिवशी मी चिडून जास्त आटवलं, तर ताटलीत काच झाली. बत्त्याने फोडावी लागली. शुक्रवारची दुपार झाली होती. मी ओट्याला टेकून खाली बसले आणि चक्क रडले. ती खोली म्हणजे माझं सगळं काही आहे हो! तिथे मी कुणाची सून नाही, कुणाची बायको नाही, तिथे मी मालकीण आहे.

सासूबाई आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. ताटलीतला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि कडाकडा चावला.

"गोळी बरी झालीय," त्या म्हणाल्या. "पण ही पायाला कशाला लावतेस?"

सासूबाईंनी एकतीस वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात पाकाच्या कढईवर काम केलंय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण विचारायचं कोणी? अकरा वर्षांत मी त्यांना मीठ किती घालू एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. मात्र अडला हरी म्हणतात तशी गत झाली होती. मी नाक पुसलं आणि म्हणाले, "आई, पाक कुठे चुकतो माझा?"

हनुवटीवर हात ठेवून त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "सरक," त्या म्हणाल्या.

एक हात हनुवटीवर आणि दुसऱ्या हातात डाव, अशा उभ्या राहिल्या. शेजारी गार पाण्याची वाटी. मधूनच थेंब पाण्यात टाकायच्या आणि बोटांत धरून बघायच्या. "ही तार. अजून नाही. अजून नाही म्हटलं ना, लुडबुड करू नकोस! हं, आता गोळी वळतेय, मऊ. उतरव! अगं उतरव, बघतेस काय!"

कोमट झाल्यावर त्यांनी त्याचा गोळा मळला, यांच्या तीन नंबरवर अंगठ्याने खालून वर फासला आणि केसांच्या दिशेने एक झटका दिला. टच्! पोटरीवर बोटभर रुंदीची लख्ख वाट उघडली. राहिलेला चिकटपणा साध्या पाण्याने धुऊन गेला.

"झालं?" हे म्हणाले. "मग तीनपासूनच सुरुवात का नाही केलीस?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते आईंसमोर देण्यासारखं नव्हतं.

"अहो आई, पण उद्या बाई खूश झाल्या तर खोली माझी राहील," मी म्हणाले.

"पाक बिघडलेला मला बघवत नाही," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

शनिवारी चारच्या ठोक्याला मुख्याध्यापिका बाई येऊन बाकड्यावर बसल्या. मी गोळा हातात घेतला आणि माझी अशी फजिती झाली की विचारू नका. माझं डोकं तापट, तसे हातही तापट. त्यात घाबरलेली. गोळा हातातच विरघळला आणि दाही बोटं एकमेकांना चिकटली.

"हे असंच असतं का?" बाईंनी भुवई वर करून विचारलं.

गेली खोली, असं मनात आलं तोच पडदा सरकला. सासूबाई बाह्या सारून, हात धुऊन उभ्या होत्या. "तुझे हात तापलेत. ऊठ," त्या म्हणाल्या आणि माझ्या जागेवर बसल्या.

अर्ध्या तासात त्यांनी बाईंचे दोन्ही हात चकाचक केले, हनुवटी अगदी छातीला टेकवून. वर एकदाही बघितलं नाही. अख्खी शाळा जिला टरकते, त्या बाईला म्हणाल्या, "हात ढिला सोड. वळवळ नको." आणि बाई म्हणाल्या, "हो."

पुरळ नाही, लाली नाही. बाईंनी हातावरून चारदा हात फिरवला. "सगळ्यांना सांगते," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी मला याच हव्यात." मला रागही आला आणि आनंदही झाला.

बाई गेल्या. मी म्हणाले, "आई, खोली माझी राहिली. आणि ती तुम्हीच राखलीत. का हो?"

सासूबाईंनी रस्त्याकडच्या दाराला कडी घातली. खुर्चीत बसल्या, आरशाकडे पाठ करून. "गोळा उरलाय का?"

"उरलाय की."

मग त्यांनी हनुवटीवरचा हात काढला. त्यांची हनुवटी इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती.

"चिमट्याने काढायला गेलं तर केस सोडून कातडीच धरली जाते," त्या हळूच म्हणाल्या. "नीट दिसत नाही आता. आणि घराबाहेर पडायचं तर तुझ्या या चार आरशांसमोरून जावं लागतं. म्हटलं, खोली मिळाली की आधी आरसे काढीन."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "अहो, मग एकदा सांगायचंत ना मला!"

"तू मला कधी विचारलंस, मीठ किती घालू म्हणून?"

मी हात गार पाण्यात बुडवले, चांगली दोन मिनिटं धरले, पुसले आणि गोळा घेतला. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले.

"तीनच आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, तीनच," मी म्हणाले, आणि पाच काढले.