बेचाळीसनं कुणाचा हात धरला

चार दिवस आम्रपालीच्या डोक्यात दोनच आकडे घुमत होते, बेचाळीस आणि दोनशे सहा. आई हाक मारायची, "आगं, भाकरी वाढू का?" आणि ही म्हणायची, "दोनशे सहा." आई म्हणायची, "एवढ्या भाकरी थापायला मला गावजेवण घालावं लागंल."

आम्रपाली पुण्याला संशोधन करत होती आणि आठवडाभरासाठी रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी आली होती. तिचं काम ऐकायला अवघड, पण समजायला सोपं होतं. ऊस तुटला की शेतात वाळक्या पानांचं पाचट उरतं आणि लोक ते पेटवून देतात. त्याच मातीत एक जिवाणू राहतो. त्याच्यापाशी पाचट पचवणारं एक प्रोटीन आहे, आणि ते भर उन्हातही टिकून राहतं. ते टिकतं कशाच्या बळावर, हे आम्रपालीला शोधायचं होतं.

प्रोटीन म्हणजे एक लांबलचक माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. माळ सरळ राहत नाही, गोळा होऊन बसते, आणि मग माळेत एकमेकांपासून कोसभर लांब असलेले दोन मणी गोळ्यात अगदी गालाला गाल लावून बसतात. बऱ्याच मण्यांना हात असतात म्हणा ना. कुणाचा हात अधिक भाराचा, कुणाचा उणे. अधिकला उणे सापडला की दोघं घट्ट धरतात आणि गोळा सुटत नाही. ग्लायसीन नावाचा एक मणी मात्र असा आहे, की त्याला हातच नसतो.

आम्रपालीच्या संगणकानं सगळ्या मण्यांमधली अंतरं मोजून सांगितलं होतं, की बेचाळिसावा मणी आणि दोनशे सहावा मणी हा गोळ्याचा मुख्य टाका आहे. बेचाळिसावा अधिक हाताचा, हे ठीक. पण माळेची यादी काढून बघावं, तर दोनशे सहावा निघायचा ग्लायसीन. बेचाळीसनं मग धरलं काय? थोट्याचा हात?

आणि आज अकरा वाजता तिच्या मार्गदर्शक अंजना मॅडमना फोनवर सांगायचं होतं, कोणता मणी बदलून बघायचा ते. बदललेलं प्रोटीन प्रयोगशाळेत बनवून घेण्याची पाळी प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून एकदाच यायची. मणी चुकला की वर्ष गेलं.

शनिवार होता, सकाळची शाळा. साडेनऊला लॅपटॉप पाठीला अडकवून आम्रपाली आपल्या जुन्या शाळेत गेली. जालिंदर गुरुजी सातवीच्या वर्गाला घेऊन मैदानात उभे होते.

"गुरुजी, मला तुमची पोरं तासभर पायजेत."

"कशाला? ऊस तोडायला व्हय?"

"न्हाई. प्रोटीन करायचंय त्यांचं."

"कर की," गुरुजी म्हणाले. "खिचडी खाऊन न्हाई झालं, तू करून बघ."

रस्सीखेचीचा दोर आणला. आम्रपालीनं पोरांना हजेरीच्या क्रमानं दोरावर उभं केलं. डावा हात दोरावर, उजवा मोकळा. "आता चालत चालत गुंता करायचा," ती म्हणाली. "दोर सोडायचा न्हाई. मी थांबा म्हणलं, की उजव्या हातानं जवळच्याला धरायचं. पण दोरावरचा शेजारी न्हाई धरायचा. त्यो जवळ असणारच, त्यात काय कौतुक? दोरावर लांबचा आन गुंत्यात जवळचा, त्यालाच धरा."

असली आज्ञा शाळेत आजवर कुणी दिली नव्हती. पोरं सुटली. कुणी दोराखालून, कुणी दोरावरून, कुणी नुसतंच गरागरा. धुरळा उडाला, कुणाची चप्पल गेली, कुणाची रिबन. तालमीत जाणारा गुंडा दोर खांद्यावर घेऊन बैलासारखा मधून घुसला आणि त्याच्यामागं पाच-सहा जण ओढले गेले. थांबा म्हणेपर्यंत मैदानात माणसांचं एक गाठोडं तयार झालं होतं, आणि ते आतून हसत होतं.

आम्रपाली हजेरीपट घेऊन झेंड्याच्या ओट्यावर चढली. दोराच्या टोकापासून बोटानं एकेक डोकं मोजत गेली. "सहाव्यानं विसाव्याला धरलंय." हजेरीपटात बघितलं आणि जोरात म्हणाली, "वीरधवल आणि संयोगिता."

गाठोडं असं हललं, की आता फुटतंय की काय. वीरधवलच्या हातात गुंडाचा पंजा होता.

"ताई, मी संयोगिता न्हाई," गुंडा गंभीरपणे म्हणाला.

"मी हितं खाली हाय," गाठोड्याच्या पोटातून बारीक आवाज आला. "आन त्या वीऱ्याचा हात मी मेले तरी धरणार न्हाई."

"संयोगिताबाई, जरा पाय बाजूला घ्या," कुणीतरी गुंडाला म्हणालं, आणि पुन्हा सगळे गदगदले.

आम्रपालीही हसली. नजरचूक झाली असेल म्हणून तिनं दुसरी जोडी घेतली. तिसऱ्यानं पंधराव्याला धरलं होतं. "विश्वजीत आणि अमृत." विश्वजीत होता तिथं बरोबर होता. अमृतच्या जागी मात्र दोन वेण्यांची एक मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. तिसऱ्या जोडीलाही तेच. पहिलं नाव बरोबर, दुसरं चूक. पोरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्रत्येक जण आपल्याला काय नाव मिळतंय म्हणून ओरडू लागला. गुरुजी छत्री टेकून हसू दाबत होते.

शेवटी वर्गाची मॉनिटर शिवांजली मान वर काढून म्हणाली, "आवं ताई, तुमी डोकी मोजताय आन नावं हजेरीत बघताय. आमच्यात नऊ, धा, अकरा नंबर हाईत कुठं? माने घरच्या तिघी चुलत बहिणी औंधला गेल्यात, यमाईला. त्यांच्या भावाचं जावळ हाय."

"जावळ एकाचं, गैरहजेरी आख्ख्या भावकीची," गुरुजी म्हणाले. "आडनावानं हजेरी लावली की असंच. गेल्या तर तिघी वळीनं जात्यात."

"मग विसावं डोकं म्हंजी तेविसावा नंबर," शिवांजली समजावून सांगू लागली, जणू आम्रपालीच सातवीत होती. "तेवीस गुंडा. आठापातूरचं बराबर येतंय, फुडचं समदं तीननं सरकतंय."

आम्रपालीच्या हातातला हजेरीपट तसाच राहिला. ती ओट्यावरून उतरली नाही, तिनं उडी मारली.

"ताई, आमी सोडू का?"

"सोडू नका. आजाबात सोडू नका," म्हणत ती व्हरांड्यात पळाली आणि फरशीवर बसून लॅपटॉप उघडला.

प्रोटीनचा आकार क्ष-किरणांनी टिपतात. वर्गाच्या फोटोत चुळबुळ करणारं पोरगं धूसर येतं ना, तसं प्रोटीनचा एखादा वळवळा तुकडा त्यात उमटतच नाही, आणि आकाराच्या फाइलमधून ते मणी गायब असतात, पण माळेच्या यादीत ते असतातच. आम्रपालीनं फाइलवरून बोट फिरवलं. एकशे तीसनंतर एकदम एकशे एकोणचाळीस. मधले आठ गैरहजर. आठ जण वळीनं औंधला.

तिच्या संगणकानं डोकी मोजली होती आणि तिनं नावं हजेरीत वाचली होती. बेचाळीस अलीकडचा, म्हणून त्याचं नाव बरोबर. पण दोनशे सहावं डोकं म्हणजे दोनशे चौदावा नंबर. तिनं यादीत दोनशे चौदा शोधला. ग्लुटामिक आम्ल. चांगला लांब हात, आणि भार उणे.

तिला एवढं हसू आलं, की पाणी प्यावं लागलं. चार दिवस ती गुंडाला संयोगिता म्हणत होती.

अकराला पाच मिनिटं कमी असतानाच तिनं फोन लावला.

"मॅडम, दोनशे सहा नाही. दोनशे चौदा."

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. मॅडम फाइल उघडत असाव्यात. "आम्रपाली, फाइलमध्ये प्रत्येकापुढे नंबर लिहिलेला असतो."

"हो मॅडम. पण मी डोकी मोजली."

"मग चूक पकडली कुणी?"

"सातवीच्या शिवांजलीनं. त्यांच्या वर्गात जावळ आहे."

"कशात काय आहे?"

"आल्यावर सांगते, मॅडम."

"बरं. दोनशे चौदाचा हात काढून टाकू आणि बघू गोळा टिकतो का. मी आजच पाठवते. तुझा अंदाज काय?"

मैदानात पोरं अजून एकमेकांना धरून उभी होती. हात दुखले होते, नाकं खाजत होती, पण सोडू नका म्हटलं म्हणून कुणी सोडलं नव्हतं. आम्रपालीनं फोन कानाला तसाच ठेवला आणि गुरुजींना खूण केली. गुरुजींनी दोराचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं बघायला जमलेल्या दोघा दांडग्या पोरांना दिलं आणि शिट्टी फुंकली. दोर ताणला. गाठोडं कुरकुरलं, पण सुटलं नाही.

"गुंडा," ती म्हणाली, "वीरधवलचा हात सोड."

गुंडानं पंजा उघडला. वीरधवल मागच्या मागं गेला, त्याच्या आधारानं उभी असलेली पोरांची रांग कलली, संयोगिता खालून सशासारखी बाहेर निघाली, आणि एकेक हात फटाफट सुटत सगळं गाठोडं मैदानभर उलगडलं. अर्धी पोरं धुरळ्यात लोळत होती. गुरुजी टोक हातात धरून मटकन खाली बसले आणि छत्रीला टेकून हसत राहिले.

"आम्रपाली, कसला आवाज येतोय?" मॅडमनी विचारलं.

"अंदाज विचारलात ना, मॅडम," आम्रपालीला नीट बोलताही येईना. "उलगडलं बघा."