शेखरच्या पोटात राहून गेलेली नळी

मी एक नळी. बुटाच्या नाडीएवढी बारीक, दोन्ही टोकांना वळलेली. डॉक्टर मला स्टेंट म्हणतात. माझं वरचं टोक किडनीत, खालचं मूत्राशयात. मधली वाट मोकळी ठेवायची आणि सूज उतरली की निघून जायचं, एवढंच माझं काम. पण निघून जाणं माझ्या हातात नव्हतं ना!

मी ज्याच्या पोटात आले तो शेखर, चिखलीचा. चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. लाइन सोडून लघवीला जावं लागू नये म्हणून हा माणूस शिफ्टभर पाणीच प्यायचा नाही. मुतखडा झाला. आई सुभद्राबाई कुळथाचं कढण पाजायची, मित्र बीअर पी म्हणायचे. लहान खडा पडूनही जातो, पण याचा वाटेतच अडकला. कळ येऊन कंपनीतच लोळायला लागला, तेव्हा दवाखाना आठवला.

दुर्बिणीतून लेझरनं खडा फोडला. डॉक्टर निवेदिता मॅडमनी मला बसवलं आणि बजावलं, "नळी तात्पुरती आहे. दोन-तीन आठवड्यांत काढायची. विसरू नका."

"व्हय मॅडम," शेखर म्हणाला. फार पटकन म्हणाला.

माझा त्रास होतो, नाही म्हणत नाही. जळजळ, सारखी घाई, जिना चढताना कमरेत टोचणं. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं. तरी हा उठता-बसता मला शिव्या द्यायचा. आणि जिला एवढ्या शिव्या, ती काढायला मात्र याला वेळ नाही! आधी ओव्हरटाइम, मग चुलतभावाची हळद, मग पुन्हा ओव्हरटाइम. दवाखान्याचा फोन आला की "मीटिंगमध्ये हाय." पुढे त्याला माझी सवय झाली.

बायको पूनम विचारायची, "अहो, त्या नळीचं काय?"

"ती इरघळती आपोआप. जयदीपची इरघळली."

कामावरच्या या जयदीपला नळी बसवलीच नव्हती! त्याचा खडा बाहेरून लहरी सोडून फोडला होता. अरे शेखर, मी प्लास्टिकसारखी, मी कशी विरघळेन? पण आतलं ओरडणं कोण ऐकणार?

असे महिने गेले, दिवाळीही गेली. माझ्या अंगावर क्षार बसत गेले. आधी खरखर, मग कवच. ज्या खड्यापायी मला आणलं, तसाच खडा माझ्या अंगावर वाढला. वाट मोकळी ठेवायला आलेली मी वाटेतला बोळा झाले. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

मग हुडहुडी भरून ताप आला. "व्हायरल आसंल," म्हणत शेखर गोळी घेऊन कामावर निघाला. पूनमनं गाडीची चावी हिसकावली. "कंपनी तुमच्याबिगर चालंल. घर न्हाई चालायचं."

तपासण्या पाहून मॅडम म्हणाल्या, "आता ती नुसती ओढून निघणार नाही. आधी जंतुसंसर्ग उतरवायचा, मग तिच्यावरचे खडे फोडायचे. या बाजूची किडनी बरीच दबलीय. किती सावरेल, आज सांगता येत नाही."

सुभद्राबाई पुढे झाल्या. "लागली तर माजी घ्या. म्हातारीला काय करायच्यात दोन?"

"तशी वेळ नाही, आजी. त्यांची दुसरी चांगली आहे."

शेखरनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

मोठ्या खटपटीनं मी निघाले, तीही तुकड्यांत. माझ्या जागी नवी नळी बसवावी लागली. मॅडमनी मला डबीत घालून शेखरच्या खाटेपाशी घरच्यांना दाखवायला आणलं. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्यात शेखरनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं?

"कामावर कधी जायचं?"

पूनम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्यानं हाक मारली तरी वळली नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, "मॅडमला इचार, ही नवी नळी कधी काढायची."

ती तशीच बाहेर पडलेल्या मॅडमच्या मागे धावली.

आता मला दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतील. जाते मी. तुमच्या घरात कुणाच्या पोटात माझ्यासारखी असेल, तर तुम्हीही आजच विचारा. आम्हाला राहायचं नसतं हो!