हिच्या सहीची साक्ष

ही गेली हे मला हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. मी खाली औषध आणायला गेलो होतो आणि धाकटी, म्हणजे माझी मेव्हणी, वरून येत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच कळलं. पायरीवर बसून ती रडली आणि रडता रडता म्हणाली, "आता माझ्या बाजूने कोण बोलणार, भावोजी?" लगेच तिने तोंडावर हात ठेवला. मला राग आला नाही. तिची बहीणही गेली होती आणि साक्षीदारही.

धाकटीची लाँड्री आहे. वाफेची मोठी प्रेस घ्यायला तिने सावकाराकडून कर्ज काढलं होतं. त्याची वचनचिठ्ठी, म्हणजे मागाल तेव्हा इतके पैसे देईन असं लिहून दिलेला कागद, आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. धाकटीने सही केली, खाली साक्षीदार म्हणून हिने. धाकटीचं म्हणणं, तेव्हा आकड्याची जागा कोरी होती. सावकाराने मागाहून तिथे दुप्पट आकडा भरला आणि कायद्यात न बसणारं व्याज मुद्दल म्हणून दाखवलं. सावकाराने वसुलीसाठी कोर्टात दावा लावला; तो म्हणे, आकडा आधीपासूनच होता. निकाल विरुद्ध गेला तर प्रेस जाणार, आणि प्रेसशिवाय लाँड्री म्हणजे नुसतं दुकानाचं भाडं.

धाकटीचं बोलणं तिच्याच फायद्याचं, म्हणून त्याला वजन कमी. खरी भिस्त हिच्यावर होती. हिच्या साक्षीची तारीख लागली होती, पण त्याआधीच ही अंथरुणाला खिळली.

पुढे कोर्टाचं बोलावणं मला आलं, तेही सावकाराच्या बाजूने. कागदावरची सही हिचीच आहे हे सांगायला त्यांना ओळखीचं माणूस हवं होतं. धाकटीच्या वकीलबाईंनी मला बसवून समजावलं.

"सही त्यांची असेल तर तसं सांगावंच लागेल, काका."

"आणि ही मला काय म्हणाली ते?"

"ते नाही चालत. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. तुम्ही स्वतः पाहिलं, तेवढंच तुम्ही सांगायचं."

"म्हणजे हिची सही बोलणार, ही नाही."

त्यांनी फाइल खाली ठेवली. "असंच आहे. तुम्ही त्या दिवशी घरी होतात का?"

होतो. मी नळाची कामं करतो. कामावरून येऊन हात धुतले आणि टॉवेल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मला सगळं डोळ्यासमोर दिसत होतं. कपाळाला आठी घालून ही कागदावर बोट ठेवते, विचारते, "आकडा कुठंय?" आणि सावकार म्हणतो, "ऑफिसात भरतो हो, ताई. तुमच्यापासून काय लपवायचंय?" मी हे सांगितल्यावर वकीलबाईंचा चेहरा उजळला. "मग हेच सांगा," म्हणाल्या.

कोर्टात सावकाराने मला वाकून नमस्कार केला. त्याच्या वकिलाने कागद हातात दिला. हिची सही. शेवटचं अक्षर नेहमीसारखं रेषेखाली घसरलेलं. मी जरा वेळ बघत राहिलो.

"तिचीच आहे," मी म्हणालो.

मग वकीलबाईंनी विचारलं आणि मी दारातून दिसलेलं सांगितलं. धाकटी मांडीवर पर्स घट्ट धरून ऐकत होती. सावकाराचा वकील पुन्हा उठला. आवाज चढवला नाही.

"तुमच्या पत्नी टेबलाशी कुठे बसल्या होत्या?"

"नेहमीच्या जागी. दाराकडे पाठ करून. गॅस हाताशी यावा म्हणून."

"मग दारातून तुम्हाला कागद कसा दिसला?"

मी मनातल्या मनात पुन्हा त्या दारात जाऊन उभा राहिलो. दारातून हिचा अंबाडा दिसतो आणि खांदे. आठी दिसत नाही. ती आठी मी नंतर पाहिली होती. ही माझ्यासमोर वर्तमानपत्र पसरून बोट ठेवायची, "हे बघा, इथे. इथे काहीच नव्हतं. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?" सावकाराचा आवाजही काढून दाखवायची. इतक्या वेळा सांगितलं की ते माझंच होऊन गेलं. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर कुणी काय पाहिलं याच्या वाटण्या कोण करतं?

"मला दिसला नसणार," मी म्हणालो. "हिने सांगितलेलं मी पाहिलं असं धरून चाललो होतो."

"बोलणं तरी ऐकलंत?" वकीलबाईंनी घाईने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. हात धूत होतो, तेव्हा नळ चालू होता."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे कागद कोरा होता हे तुम्हाला पत्नीकडून कळलं."

"हो. पण ती खोटं बोलायची नाही."

"हे शेवटचं घेऊ नका," त्या टाइप करणाऱ्याला म्हणाल्या. रागाने नाही.

बाहेर व्हरांड्यात धाकटीने मला गाठलं. "दोन पावलं पुढे आलो होतो म्हणायचं होतं, भावोजी. दोन पावलं."

"आलो नव्हतो गं."

"ताई असती तर..."

"ताई असती तर तिनेच सांगितलं असतं."

"ताई असती तर आधी मला झापलं असतं, कोऱ्या कागदावर सही करतेस म्हणून. आणि मग स्वतःला." तिला जरासं हसू आलं, मग डोळे भरले. "सावकाराचं बरंय. त्याला ताईची सही मिळाली. मला तिच्याकडून काहीच नाही." ती एकटीच निघून गेली.

निकाल लागायचा आहे. वकीलबाई म्हणतात, कर्ज दिलं त्या दिवशी सावकाराने बँकेतून किती पैसे काढले ते मागवता येईल, त्यावरून खरा आकडा कळेल कदाचित. त्या अर्जावर धाकटीची सही लागते आणि ती कुणाचाच फोन उचलत नाही. तिला घेऊन या, असं त्यांनी मला सांगितलंय. मी लाँड्रीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. आत जायचं अजून राहिलंय.