मौनप्रार्थनेत लागलेली झोप

सकाळी जयाचा हात उठला होता. भरवलेली पेज सासूनं, कावेरीबाईंनी, परत परत थुंकली अन् जयानं त्यांच्या गालावर फाडकन चापट मारली. लकव्यानं वाचा गेलेली म्हातारी, ओरडणार तरी कशी? रात्रंदिवस एकटीनं करायचं, वर शाळेची नोकरी. थकतं हो माणूस! पण मारलं ते मारलंच. हात पुन्हा उठेल, ह्याच धास्तीनं जया सासूला शेजारच्या चतुराबाईंच्या हवाली करून उदगीरच्या चर्चमध्ये भगिनींच्या सभेला आली.

पाळक रविकिरण यांनी आज नवंच काढलं होतं. "गप बसायचं. श्वास घेताना मनात 'प्रभू येशू', सोडताना 'दया कर'. बास. जिवाला हलकं वाटतं."

गप? अन् ह्या बायका? एकीनं प्रार्थना धरली की दुसरीनं त्याहून लांब धरायची, ही इथली रीत. डोळे मिटायचा अवकाश, शिवकन्याबाईंनी सुरू केलंच, "हे स्वर्गीय पित्या..." पाळकांनी हात जोडले. तेवढ्यात मागून कुणीतरी "हालेलुया!" म्हणालं.

जयानं मात्र मनापासून श्वास घेतला. प्रभू येशू. दया कर. प्रभू... अन् बसल्या जागी घोरायला लागली.

बायका खुदकन हसल्या. मग त्यांना तिचं ओढलेलं तोंड दिसलं. शिवकन्याबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, तशा साऱ्या गप झाल्या. नुसता पंखा कुरकुरत राहिला.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. साऱ्याजणी तशाच मुकाट बसलेल्या. जयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उठवायचं न्हाई का?"

"ह्याआधी कवा झोपली होतीस गं बाई?" शिवकन्याबाई हळूच म्हणाल्या. जयाला आठवेना.

घरी येऊन ती पेज घेऊन बसली. हनुवटीवरचा ओघळ पुसायला हात पुढं नेला, तशी कावेरीबाईंनी डोळे घट्ट मिटून मान चुकवली.

जयाचा हात तिथंच थांबला. प्रभू येशू. दया कर.

"न्हाई मारत, आत्या," ती रडत म्हणाली. "चुकलं माझं. डोळे उघडा."

म्हातारीनं उघडले नाहीत. जया हात तसाच धरून बसली, श्वास घेत, सोडत. बऱ्याच वेळानं म्हातारीनं एक डोळा किलकिला करून त्या हाताकडं पाहिलं.

जयानं हळूच हनुवटी पुसली अन् निवलेली पेज पुन्हा कोमट करायला उठली.